एकच अल्बम, तरी लोक अजून ऐकतायत

प्रश्न: सर, मी खानापूरचा, बेळगावात रूम करून डिप्लोमा करतोय. सुट्टीत घरी अमेरिकन गायक जेफ बकलीचं 'हॅलेलुया' लावलेलं, आमचे बाबा गावच्या भजनात पेटी वाजवतात, ते ऐकून थांबले आणि म्हणाले, पोराचा गळा फिरतोय की रे, कुणाकडं शिकलाय? मला काय सांगता आलं नाही. रूममेट म्हणतोय एकच अल्बम केला, तरुण वयात गेला म्हणून नाव झालं. खरं काय?

उत्तर: आधी बाबांचं घेतो, कारण त्यांनी बरोबर नस पकडलीय. जेफ पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खानांच्या गाण्यापायी वेडा होता, त्यांना तो 'माझा एल्विस' (एल्विस प्रेस्ली, अमेरिकेतला रॉकचा राजा) म्हणायचा, आणि कव्वाली त्यानं रेकॉर्डी ऐकून ऐकूनच गळ्यात बसवली. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये 'शिने' नावाचं छोटंसं कॅफे होतं, तिथं एकटाच गिटार घेऊन गायचा, आणि १९९३ च्या तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये त्यानं चक्क उर्दूत 'ये जो हल्का हल्का सुरूर है' म्हटलंय. ते ऐकच. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्वही लहानपणी मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचे आणि पुढं स्वतःची वाट काढली, मला जेफचं ऐकताना कायम त्यांची आठवण येते.

'हॅलेलुया'पण त्याचं नाही बरं का, कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेनचं १९८४ चं गाणं, जेफनं ते जॉन केल या दुसऱ्या गायकानं गायलेलं ऐकून घेतलं. पण सुरुवातीचा तो श्वास सोडलेला आवाज हेडफोन लावून ऐक, तिथंच गाणं त्याचं होऊन जातंय.

आता रूममेट. तो एकच अल्बम म्हणजे 'ग्रेस', तो ऑगस्ट १९९४ मध्ये आला आणि अमेरिकेच्या चार्टवर १४९ च्या वर गेलाच नाही, म्हणजे धंदा फार झाला नाही हे खरं. पण गाणाऱ्यांना तो तेव्हाच कळला होता. त्याच वर्षी रेडिओहेड या इंग्लिश बँडचा गायक थॉम यॉर्क लंडनमध्ये त्याचा शो बघून आला आणि स्टुडिओत जाऊन आपलं 'फेक प्लास्टिक ट्रीज' हे गाणं गायला, आणि त्या आवाजात जेफचा परिणाम ऐकू येतोय. जेफ तेव्हा जिवंत होता की, मग मेल्यामुळं नाव झालं असं कसं म्हणायचं? २९ मे १९९७ ला मेम्फिसमध्ये पाण्यात पोहायला उतरला आणि बुडाला, वय फक्त ३०, दुसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. नशा वगैरे काही नव्हती, तो अपघात होता, त्यामुळं कुणी भलतंच सांगत असेल तर तिथंच थांबव.

आणि एक कर, पुढच्या सुट्टीत बाबांना 'ग्रेस'मधलं 'लव्हर, यू शुडव्ह कम ओव्हर' ऐकव, आधी काही सांगू नको. सुरुवातीला पेटी आहे, ती जेफनं स्वतः वाजवलीय.