रात्री तास-दीड तासच मिळतो. बाल्डर्स गेट ३ घेऊ की एल्डन रिंग?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवली ते लोअर परळ रोजचा प्रवास, जेवणं आटोपल्यावर हाताशी राहणारा तास-दीड तास, तोही घरचे झोपलेल्या खोलीतच, १६ जीबी रॅमचा गेमिंग लॅपटॉप आणि एकाच गेमपुरते पैसे. शिवाय टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाल करायचे गेम संथ आणि जुनाट, असं मित्र सांगतात.

बाल्डर्स गेट ३ मधली लढाई टर्न-बेस्ड आहे, एल्डन रिंगमधली न थांबता चालणारी ॲक्शन. तुमच्या दिनक्रमात बाल्डर्स गेट ३ बसतो. टर्न-बेस्ड गेम तुमच्यासाठी थांबतो, एवढं एक कारण पुरेसं आहे. लढाईच्या मध्यावर कुणी हाक मारली तर लॅपटॉप तसाच ठेवून उठा; तुमची पाळी तुम्ही परत येईपर्यंत तशीच राहते. आपली पाळी असताना लढाई चालू असली तरी एफ५ दाबून सेव्ह करता येतं. एल्डन रिंगमध्ये सामान बघायला मेनू उघडला तरी समोरचा शत्रू चालून येतच असतो. उठायचंच असेल तर 'क्विट गेम' करून बाहेर पडावं लागतं. तुमची जागा जपली जाते, पण बॉसशी, म्हणजे एखाद्या बड्या शत्रूशी चाललेली झुंज पुन्हा पहिल्यापासून.

जुनाटपणाचं म्हणाल तर मित्रांची माहिती अर्धी आहे. फायनल फॅन्टसी १९८७ मध्ये पाळीपाळीने खेळायचा गेम म्हणून सुरू झाला आणि २०२३ च्या सोळाव्या भागापर्यंत पूर्ण ॲक्शन झाला, हे खरं. पण याकुझा मालिका नेमकी उलट गेली. वर्षानुवर्षं रस्त्यावरची हाणामारी करून २०२० साली ती टर्न-बेस्ड झाली, आणि तरी तिच्यातलं शहर मोकळं फिरता येतं. म्हणजे 'टर्न-बेस्ड' हे लढाईचं वर्णन आहे आणि 'ओपन-वर्ल्ड', म्हणजे मोकळं फिरता येणारं जग, हे नकाशाचं. दोन्ही एका गेममध्ये नांदू शकतात. २०२५ च्या एक्सपिडिशन ३३ या टर्न-बेस्ड गेममध्ये तर पाळी शत्रूची असतानाही बरोबर क्षणी बटण दाबून वार चुकवावा किंवा परतवावा लागतो. खरा फरक एवढाच की डोकं कधी चालवायचं: चाल करण्याआधी, की हात चालू असताना.

बाल्डर्स गेटमध्ये नवखे लोक सगळ्यात जास्त कुठे मार खातात, ते आधीच सांगतो. साथीदार मिळून टोळी चौघांची झाली की चौघे चार वेगवेगळ्या शत्रूंना भिडतात. हिशोब करून बघा. समोर चार शत्रू, प्रत्येकाचे २० प्राण, प्रत्येकजण एका फेरीत तुमचे ५ प्राण घेतो. तुमची टोळी पहिली चाल करते आणि एका फेरीत एकूण २० नुकसान करते. सगळ्यांनी मिळून एकेकाला पाडलं तर तुमचं नुकसान १५, १० आणि ५, म्हणजे एकूण ३० होतं. तेच घाव चौघांवर सारखे वाटले तर तीन फेऱ्या चौघेही उभे राहतात आणि तुम्ही ६० गमावता. अर्धमेला शत्रूही पूर्ण ताकदीने मारतो, म्हणून एकावर तुटून पडायचं.

दुसरी गोष्ट फाशांची. समजा तुमच्या वारावर +५ आहे आणि शत्रूचं चिलखत १४ चं आहे. २० बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ६० टक्के. उंचावर उभं राहिलात तर आणखी +२ मिळून ७० टक्के होतात. 'ॲडव्हांटेज' मिळाला तर दोन फासे पडून त्यातला मोठा धरला जातो आणि तेच ६० टक्के ८४ वर जातात. म्हणून वार करण्याआधी शिडी चढणं, लपून मागून येणं किंवा शत्रूला आधी जमिनीवर पाडणं यात घालवलेली चाल वाया जात नाही. मला या गेमचं सगळ्यात जास्त कौतुक इथेच वाटतं: आकडे लपवलेले नाहीत, माउस शत्रूवर नेला की टक्केवारी समोर दिसते.

तिसरी चूक म्हणजे विश्रांतीचा कंजूषपणा. एका 'लाँग रेस्ट'ला, म्हणजे छावणीतल्या रात्रभराच्या विश्रांतीला, नेहमीच्या पातळीवर ४० शिधा लागतो, म्हणून लोक तो साठवत बसतात. मग मंत्र संपतात, लढाया अवघड होतात आणि छावणीत रात्री घडणारे साथीदारांचे प्रसंगही हुकतात. शिधा भरपूर सापडतो, पिंपं आणि पेट्या उघडत चला. आणि हो, त्या प्रसंगांत काही अंगप्रदर्शनाचे आहेत. एकाच खोलीत सगळे असताना सेटिंगमधून नग्नता आधीच बंद केलेली बरी. संवाद पुष्कळ आहेत, तेव्हा हेडफोन लागतीलच.

एवढं वाचूनही मन एल्डन रिंगकडेच ओढत असेल तर जरूर घ्या, तो अप्रतिम गेम आहे. फक्त पहिला आठवडा नीट घालवा. सुरुवातीलाच घोड्यावरचा सोनेरी शत्रू दिसतो, त्याला वळसा घालून पुढे जा. मार्गिट या सुरुवातीच्या बॉससमोर दहा-दहा वेळा मरण्यापेक्षा आधी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा भाग हिंडून या. प्राण वाढवणारा 'व्हिगर' २० पर्यंत न्या आणि चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर शस्त्र +३ करून घ्या. सामानाचं वजन ७० टक्क्यांच्या वर गेलं की वार चुकवायला मारायची लोळण जड होते आणि बचाव जवळपास अशक्य होतो. बरेच जण भारी चिलखत चढवतात आणि लोळण का लागत नाही म्हणून वैतागतात, त्याचं मूळ इथे असतं. लोळायचंही मागे नाही, वाराच्या दिशेने किंवा बाजूला. मागे गेलात की लांब शस्त्राचं टोक गाठतंच. कीबोर्डवर खेळता येतो, पण कंट्रोलर असेल तर दिशा बारीक सांभाळता येते. तो वायरने जोडा.

आता लॅपटॉपचं. बाल्डर्स गेटला १५० जीबी जागा लागते आणि ती एसएसडीवरच हवी. एल्डन रिंगला साधारण ६० जीबी. चार्जर काढला की गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड हात आखडतं, म्हणून वायर लावूनच खेळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून कोंडतो, तापतो आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, गळायला लागतात. टर्न-बेस्डमध्ये फ्रेम ६० वरून ३० वर आल्या तरी फासा तोच पडतो, एल्डन रिंगमध्ये मात्र त्या क्षणी तुम्ही मरता. बाल्डर्स गेटचा तिसरा अंक, जिथे शहर लागतं, प्रोसेसरवर जड आहे. तेव्हा सेटिंगमधून गर्दी कमी करा.

लोकलमध्ये दोन्ही विसरा. बसायला जागा मिळाली तर फोनवर फायनल फॅन्टसीचे पहिले सहा भाग मिळतात. विकतचे आहेत, पण जाहिराती नाहीत आणि इंटरनेटशिवाय चालतात. टर्न-बेस्ड आपल्याला जमतंय का, हे अजमावायचा तो स्वस्त रस्ता आहे.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेणार असाल तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. हा वेळ गेम उघडल्यापासून मोजला जातो, आणि बाल्डर्स गेटमध्ये नाक-डोळे-केस ठरवण्यातच एक तास सहज जातो. तेव्हा पहिल्या दिवशी तयार 'ओरिजिन' पात्रांपैकी एखादं घ्या, सरळ सुरुवातीची जहाजावरची लढाई खेळा आणि ती पाळीपाळीची झुंज आवडते का ते बघा. ठेवायचं ठरलं की मग स्वतःचं पात्र सवडीने बनवून नव्याने सुरू करा.