गावात घर बांधतोय. बाथरूमला नियमाने किती इंची ड्रेनेज पाईप टाकावा? मिस्त्री म्हणतो सगळीकडे ६ इंची टाका, कधीच चोक होणार नाही.

तुमच्या मिस्त्रीचं आमच्या मोठेबाबांच्या मिस्त्रीशी काही नातं आहे का, ते आधी कळवा.

संडासच्या भांड्याला ४ इंची (दुकानात ११० मिमी म्हणून मिळतो, ते बाहेरचं माप), न्हाणीला ७५ मिमी, बेसिनला ४०. प्लंबिंगच्या नियमावलीत (कोडमध्ये) फिक्स्चर युनिटचा, म्हणजे कशातून किती सांडपाणी येतं त्या मापाचा हिशोब असतो. भांड्याचे साधारण ४, न्हाणीचे २, बेसिनचा १. झाले ७. नीट उतारावरचा ४ इंची पाईप शंभरावर युनिट सहज ओढतो. मग ६ इंची कशाला?

माझं दर्यापूरकडे हार्डवेअरचं दुकान आहे. मोठेबाबांनी घर बांधलं तेव्हा मी हेच सांगितलं, तर ऐकावं काय लागलं? "मोठा पाईप मांगतो तं लहान घे म्हनतं? धंदा कराचा हाय का नाही तुले?" दिला ६ इंची. सेप्टिक टँक मागच्या वाडीत, ३० फुटांवर. दर ४ फुटाला १ इंच उतार धरला तर साडेसात इंच खाली जावं लागतं, तेवढी टाकी खोल खणायची मिस्त्रीची तयारी नव्हती. "उतार कायले पायजे भाऊ, सहा इंची हाय!" टाकला सपाट, तोही थेट काळ्या मातीत, खाली मुरूम नाही. आपली ही जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते. असेल-नसेल तो उतारही पहिल्याच पावसाळ्यात गेला.

मोठ्या सपाट पाईपात एका फ्लशचं पाणी पसरून पातळ चालतं आणि मैला मागेच बसतो. चोक होणं आलंच. पण बोभाटा झाला तो वासाचा, आणि खापर फुटलं माझ्यावर. "तुह्या दुकानातला ट्रॅपच बोगस हाय." चार पाहुण्यांसमोर. (ट्रॅप म्हणजे जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग.)

गेलो बघायला. न्हाणीची जाळी काढून आत बॅटरी मारली. ट्रॅप कोरडा ठाक. मग भरून टाकला आणि चुलतभावाला भांड्यात एक बादली झोकून दे म्हटलं. ट्रॅपातलं पाणी आधी थरथरलं, मग गुडगुड आवाज करत आमच्या डोळ्यांदेखत आत ओढलं गेलं. ट्रॅपात किमान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, वास तेच अडवतं. मैला साचून पाईप अर्धा भरला, की भांड्याचं पाणी पाईपभर होऊन धाडकन खाली जातं तेव्हा मागून हवा मागतं. ती छतावरच्या व्हेंट पाईपातून मिळाली नाही तर ट्रॅपातून घेतं. आणि व्हेंट होता कुठं? तो मोठेबाबांनीच काढायला लावला होता: "घराले काय हवा खायची हाय का?" ६ इंचीला पैसे होते, व्हेंटला नव्हते.

नंतर व्हेंट लावला, वास गेला. पण त्याच दिवशी ट्रॅपही बदलून घेतला, म्हणून आजही पारावर सांगतात की ट्रॅप बदलला म्हणून वास थांबला. तो 'बोगस' ट्रॅप माझ्या दुकानामागच्या मोरीत बसवलाय. पाणी धरतो. घरातलं कोणी हे वाचत असेल तर येऊन बघावं.

तुम्ही पैसे पाईपाच्या भिंतीच्या जाडीत घाला. आयएस १३५९२ या पाईपांच्या भारतीय मानकात टाईप ए आणि टाईप बी असतात. ए पातळ, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला. संडास-न्हाणीला बी. मिस्त्री ए आणून बी चा भाव लावतात, पाईपावरचं छापील वाचा. खाली मुरमाचा थर द्या, आणि उतार लेव्हल-पाईप लावून तुमच्यासमोर तपासा.

हां, भावाभावांच्या तीन-चार घरांची लाईन बाहेर एकत्र होत असेल तर तिथून पुढे ६ इंची चालतो, उतार मात्र तिथंही लागतोच. यूट्यूबवर भांड्याला ३ इंची दाखवतात ते अमेरिकेतलं, इथं करू नका. वर मजला चढवून तिथंही संडास काढणार असाल तर नकाशा इंजिनिअरला दाखवा. मिस्त्रीला नाही.