गुरुवारची पाचची वेळ

‘प्रिय ताई, मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ५७. गेली २६ वर्षं घरीच गाणं शिकवते. वेळा आजवर फोनवरच ठरायच्या. दिवाळीत मुलानं हौसेनं ऑनलाइन बुकिंगचं पान करून दिलं. विद्यार्थ्यांनी लिंक उघडायची, मोकळी वेळ बघायची आणि आपली आपण घ्यायची. दोन महिन्यांत जीव मेटाकुटीला आलाय. कुणी भर दुपारी दोनची वेळ घेतं, कुणी वीस मिनिटं आधी रद्द करतं. संकष्टीला मी मोदकांची उकड काढत होते आणि दारात विद्यार्थिनी उभी. नऊ वर्षं दर गुरुवारी पाचला येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांना ते पान काही उघडेना, आणि त्यांची वेळ दुसऱ्याच मुलीनं घेतली. तेव्हापासून ते आलेले नाहीत. लिंक बंद करते म्हटलं की मुलाचा चेहरा पडतो. काय करू? – तंबोरेवाली’

प्रिय तंबोरेवाली,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गुरुवारपाशी अडखळले. दुपारचे दोन, संकष्टी, ऐनवेळी रद्द होणं, हे सगळं आपण मार्गी लावू. पण तुम्हाला लागलंय ते त्या आजोबांचं न येणं, असं मला वाटतं.

शाळेत असताना मी कळव्याला पेटी शिकायला जायचे. आमच्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराला खिळा होता आणि त्याला सुतळीनं वही टांगलेली असायची. वार, वेळ, नाव, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. आमच्यापैकी कुणीही जाऊन वही बघावी, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून ‘बाई, ही मिळेल का?’ म्हणून विचारावं. खोडरबर मात्र बाईंच्या हाताशी, चहाच्या डब्यामागे. तुमच्या मुलानं वही फार सुंदर करून दिली आहे. खोडरबर तेवढा सगळ्यांच्या हाती गेला. तो तुमच्याकडे परत आला की पुरे, पान बंद करायची गरज नाही.

एका रविवारी मुलाला शेजारी बसवा आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. तुम्ही सांगायचं, त्यानं भरायचं. संकष्टी, हळदीकुंकू, नवरात्र, भाचीचं लग्न, जे असेल ते. फोनमधल्या कॅलेंडरला आपण सांगू तेवढंच कळतं. तुम्ही दुपारी पाठ टेकता हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गुगल कॅलेंडरचं बुकिंग पान असेल तर त्यात रोज किती तास घ्यायचे, किती आधी वेळ घेता येईल आणि एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत किती मोकळीक हवी, हे ठरवता येतं. ही मोकळीक पंधरा मिनिटांची ठेवाच. एकीच्या गळ्याची पट्टी पेटीवरची काळी चार, पुढचीची काळी पाच. तंबोरा जुळवायला वेळ नको का? शिवाय घोडबंदर रोडवरून येणारी मुलगी पाचची सव्वापाचला पोचते, मग संध्याकाळच्या सगळ्याच वेळा पुढे घसरतात आणि शेवटच्या मुलीला तुमचा दमलेला गळा मिळतो.

आता मुख्य गोष्ट. नियमित विद्यार्थ्यांच्या वेळा त्या पानावर दिसताच कामा नयेत. गाणं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बसतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! या आठवड्यात मंगळवार, पुढच्यात शनिवार असं करणाऱ्या मुलीचा रियाज तुटतो आणि ती तुमच्यापुढे बसून मागचाच पलटा पुन्हा घोकते. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांचे वार आधी भरून बंद करा. पानावर फक्त आठवड्यातल्या तीन-चार सुट्या वेळा राहू द्या. बुडलेला तास भरून काढायचा असेल त्यांच्यासाठी, आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात आल्या की जादा तास मागणाऱ्यांसाठी. मध्यमा परीक्षेच्या मुली तेव्हा किती धावपळीत असतात हे तुम्ही बघितलंच असेल. रात्री अकराला फोन करून तुम्हाला संकोचात टाकण्यापेक्षा त्यांनी पानावरची वेळ घेतलेली बरी. इथे तुमच्या मुलाचं काम खरंच सोन्यासारखं आहे, आणि ते त्याला याच शब्दांत सांगा.

ऐनवेळी रद्द करणाऱ्यांबद्दल तुम्हाला बोलायला जड जातं, हे पत्रावरून दिसतं. फी महिन्याची घ्या, तासाची नको. आदल्या दिवशी कळवलं तर तास भरून मिळेल, त्याच दिवशी रद्द केला तर नाही. आजारपणाला माफी. एवढं पालकांना एकदा सांगून टाका. पैसे मागितल्यासारखं वाटेल, पण ती वेळ तुम्ही राखून ठेवली होती, तिचा मान राखायला सांगण्यात गैर काही नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. ती लिंक सोसायटीच्या किंवा कुठल्याही मोठ्या ग्रुपवर फिरत असेल तर आजच थांबवा. तुम्ही घरी शिकवता, दुपारी बहुधा एकट्या असता. घराचा पत्ता पानावर नको. नव्या माणसानं आधी फोन करावा, भेटावं, मग लिंक मिळेल. लहान मुलांच्या वेळा आई-वडिलांनीच घ्यायच्या, हेही ठरवून टाका.

गुरुवारी पाचला आता जी मुलगी येते तिचा दोष नाही. तिला रिकामी दिसली, तिनं घेतली. तिच्याशी नीट बोलून दुसरी वेळ द्या. आणि हे सगळं करायच्या आधी, म्हणजे रविवारची वाट न बघता, आजोबांना फोन करा. मेसेज नको, मुलाकरवी नको, स्वतः करा. त्यांना बहुतेक असं वाटलंय की आपली जागा गेली आणि बाईंनीच ती दिली. पानाचं स्पष्टीकरण देत बसू नका. ‘गुरुवारी पाचला तंबोरा जुळवून ठेवते, या,’ एवढंच म्हणा.

– तुमची ताई