थंडी मोठी की ओल?

प्रश्न : माझा मुलगा अलास्कात जहाजाने फिरून आला. याकुटॅटच्या किनाऱ्याजवळून त्याला माउंट सेंट इलायस हा बर्फाचा डोंगर दिसला. समुद्राकाठची हवा सौम्य असते, असं आम्ही शाळेत शिकलो. मग समुद्रालगतच्या डोंगरावर एवढा बर्फ कसा? आणि तिथे प्राणी जगतात का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही शाळेत शिकलात ते खरंच आहे, आणि बर्फाचं कारणही त्यातच आहे.

आधी उंची बघा. शिखर ५,४८९ मीटरचं आणि खाडीचं पाणी तिथून जेमतेम १६ किलोमीटरवर. कळसूबाईवर कळसूबाई, तिच्यावर तिसरी कळसूबाई ठेवली, तरी वर साडेपाचशे मीटर उरतात. एव्हरेस्टच्या पायथ्याशी उभा राहणारा माणूस आधीच पाच हजार मीटर चढून आलेला असतो. इथे सगळी उंची पाण्यापासून एका नजरेत मावते.

आता ओल. मी वाईला तीस वर्षं भूगोल शिकवला. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून महाबळेश्वरच्या बाजूला अडलेले काळे ढग दिसायचे. मी खडू ठेवून मुलांना तेच दाखवत असे. प्रतिरोध पर्जन्य शिकवायला त्याहून चांगला नकाशा नाही. अलास्काच्या आखातावरून येणारे ओले वारे सेंट इलायसच्या रांगेला असेच धडकतात. याकुटॅटला जानेवारीतही पारा शून्याखाली फार उतरत नाही, पण वर्षाचं पाणी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडे आषाढात जोर असतो, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात. वरच्या अंगाला हेच पाणी हिम होऊन साचतं. रांगेपलीकडे युकॉनमध्ये, क्लुआने सरोवराकाठी, थंडी कितीतरी कडक. पण वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर. म्हणून सरोवराकाठची जमीन उन्हाळ्यात मोकळी होते, आणि उबदार बाजूला मात्र हिमनद्या थेट समुद्राच्या पातळीपर्यंत उतरतात. नुसत्या थंडीने हिमनदी होत नाही, तिला पाणी लागतं.

पायथ्याची मलास्पिना हिमनदी पसरून जवळपास अख्ख्या गोव्याएवढी झाली आहे. तिच्या कडेला बर्फावर साचलेल्या दगडमातीत चक्क झाडं वाढतात, खाली बर्फ असताना!

प्राणी आहेत, पण पायथ्याशी आणि कड्यांवर, माथा ओसाड. ओढ्यांत सामन मासे चढतात तेव्हा तपकिरी अस्वलं काठावर येतात. कड्यांवर पांढऱ्या डोंगरी शेळ्या असतात. आइसी बे या खाडीत सीलच्या माद्या तरंगत्या हिमखंडांवर पिल्लं देतात. मला मात्र सर्वांत जीव लावतो तो किटलिट्झचा मुरलेट. हा पाव किलोचाही नसलेला समुद्रपक्षी मासे खाडीच्या गढूळ पाण्यात पकडतो आणि अंडं घालायला बर्फातून वर आलेल्या उघड्या खडकांवर जातो. घरटं नाही, नुसत्या दगडांत एकच अंडं. पिसांचा रंगही दगडासारखाच. त्यामुळे पक्षी चार पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही.

शिखरावर माणूस पहिल्यांदा पोचला ३१ जुलै १८९७ रोजी, इटलीच्या ड्यूक ऑफ अब्रुझींच्या तुकडीबरोबर. याकुटॅटच्या त्लिंगिट लोकांची ओळख त्याआधीची. त्यांच्या एका कुळाने पूर्वी कॉपर नदीकडून येताना याच शिखरावर नजर ठेवून वाट काढली, आणि तो डोंगर आजही त्यांचं कुलचिन्ह आहे. मुलाने काढलेला फोटो असेल तर जरूर पाठवा. मला तो बघायचा आहे.