बी.कॉम. झालंय, कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेचं ए प्लस, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सपोर्टचं सर्टिफिकेट, करू का? मामा म्हणतात, कागदाला कोण विचारतं?

तुमच्या प्रश्नातलं मामांचं वाक्य वाचलं आणि राहवेना. हेच मी दोन वर्षं रोज ऐकलंय.

२००९ साली मी कोल्हापुरात एका कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात होतो. डिग्री नाही, पगार बेताचा. रात्री ए प्लसचा अभ्यास करायचो. तेव्हा ७०१ आणि ७०२ असे दोन पेपर असायचे. शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "कागद घेऊन काय करणार? हाताला सवय पाहिजे."

पुढच्या मार्चअखेरीला एका पतसंस्थेचा लेझर प्रिंटर आला. प्रत्येक पानावर काळे ठिपके, एकाखाली एक. आमच्या सीनियरनं फ्यूजर, म्हणजे शाईची पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग, बदलला. ठिपके जागच्या जागी. मग त्याचा बोर्डावर संशय. पतसंस्थेचे क्लार्क दुकानातच बसून होते, त्यांची सगळी छपाई अडलेली. मी नुकतंच वाचलं होतं की लेझर प्रिंटरमधल्या फिरणाऱ्या भागाला डाग पडला, की तो कागदावर त्या भागाच्या घेराएवढ्या अंतरानं पुन्हा पुन्हा उमटतो. काउंटरवरची पट्टी घेतली आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. साडेसात सेंटीमीटर. त्या कार्ट्रिजच्या ड्रमचा, म्हणजे ज्यावर पानाची प्रतिमा तयार होते त्या फिरत्या नळीचा, व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे घेर बरोबर तेवढाच. कार्ट्रिज काढून झडप उचलली, तर हिरव्या ड्रमवर टाचणीच्या टोकाएवढा ओरखडा. ड्रम बदलला, पहिलंच पान स्वच्छ आलं.

शेठनी बिलात ड्रम लावला आणि नको असलेला फ्यूजरही लावला. मी बोललो तर म्हणाले, "पुस्तकी आहेस." तो शब्द मला अजून बोचतो. ते क्लार्क काही न बोलता पैसे देऊन गेले, ते त्याहून जास्त.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याला जाऊन दुसऱ्या पेपरात पास झालो. घाई होती, कारण १ जानेवारी २०११ पासून सर्टिफिकेटला तीन वर्षांची मुदत लागणार होती. त्याआधीचं कायमचं. (२०१० च्या सुरुवातीला कॉम्पटियानं जुन्या लोकांचीही मुदत संपवायचं जाहीर केलं होतं. लोक चिडले, तेव्हा मागे घेतलं.) सहा महिन्यांत पुण्यात डेस्कटॉप सपोर्टची, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर चालू ठेवायची, नोकरी लागली. इंटरव्ह्यूत लेझर प्रिंटिंगच्या पायऱ्या क्रमानं विचारल्या होत्या.

म्हणून मी ए प्लसच्या बाजूनं आहे. आधी कारणाचा अंदाज, मग तो तपासून बघायचा, मगच भाग बदलायचा, ही शिस्त दुकानात कोणी शिकवत नाही. तिथे भाग बदलूनच शिकतात, आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातात. हात हवाच, मीही आठ-आठ तास मशीन उघडून बसलोय. पण नुसत्या हातानं तो ठिपका सापडला नव्हता.

आता तुमचं. डिग्री कॉम्प्युटरची नाही आणि डेस्कटॉप सपोर्टला जायचंय, तर करा. नेटवर्किंगमध्येच जायचं असेल तर ए प्लसमध्ये वेळ घालवू नका, आपल्याकडे सीसीएनएला, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटलाच, जास्त विचारतात. कॉम्पटियाच्याच सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेटला मोठा भाव अमेरिकेत आहे, कारण तिथलं संरक्षण खातं ते मान्य करतं.

दोन्ही पेपरांची फी वेगवेगळी भरावी लागते, घरच्यांना आधी सांगून ठेवा. पास व्हायला ९०० पैकी पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. तीन वर्षांनी नूतनीकरण आहेच. आणखी एक, २०२५ मध्ये कॉम्पटियाचं नाव आणि परीक्षा खाजगी गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतल्या, कॉम्पटियाची जुनी व्यापारी संघटना आता जीटीआयए नावानं वेगळी चालते. त्यामुळे फी आणि नियम परीक्षेच्या आधी स्वतः बघा. पुस्तक घेताना पेपरचा नंबर जुळवा, सध्या १२०१ आणि १२०२ आहेत. फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं.

आणि मामांना एवढंच विचारा, पानावर दर साडेसात सेंटीमीटरला ठिपका येतोय, काय बदलाल? त्यांनी आधी पट्टी मागितली, तर त्यांच्याच हाताखाली शिका.