जुन्या पीसीवर घरचा मीडिया सर्व्हर: विंडोज १० ठेवू की लिनक्स टाकू?

भावा, चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि ४ टीबीची एकच डिस्क म्हणतोयस, तर सरळ डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाक आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे घरातले सिनेमे-गाणी टीव्हीवर पाठवणारं मोफत सॉफ्टवेअर. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर अधिकृत यादीत नाही. ट्रूनॅस ही खास फाईल-सर्व्हरसाठीची सिस्टिम चांगलीच आहे, पण बूटसाठी अख्खी वेगळी डिस्क लागते. एका डिस्कवर ती जमायची नाही. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करत बसायची, धास्ती असेल तर ब्राउझरमधून सांभाळता येणारं ओपनमीडियाव्हॉल्ट बघ, तेही डेबियनवरच उभं आहे. त्यालाही सिस्टिमसाठी छोटी एसएसडी वेगळी लाव.

खरी अडचण ओएसची (ऑपरेटिंग सिस्टिमची) नाही, एच.२६५ ची आहे. एच.२६४ आणि त्यानंतरचं एच.२६५ हे व्हिडिओ दाबून साठवायचे दोन प्रकार. तुझ्या प्रोसेसरचं इनबिल्ट ग्राफिक्स एच.२६४ हाताळतं, एच.२६५ नाही. एच.२६५ ची फाईल टीव्हीनेच थेट वाजवली पाहिजे. सर्व्हरवर रूपांतर करायला गेलास तर भार सीपीयूवर येतो आणि चित्र अडकू शकतं. म्हणून टीव्ही एच.२६५ वाजवतो का ते आधी तपास.

आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाईट जातेच. राजारामपुरीत माझ्याकडे डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या फाईल सिस्टिममध्ये आहे, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग केलीय. लाईट आली की जेलीफिन स्वतःच उठतं, आईला मला हाक मारावी लागत नाही. छोटा यूपीएस मात्र घेच.