बोट नाही, तर मिनेसोटात बर्फ वितळल्यावर वॉलआय कुठे शोधायचा आणि कसा पकडायचा?

तुम्ही लिहिलंय की मिनिॲपोलिसला नवीन आलाय, बोट नाही, आणि बर्फ गेल्या गेल्या तलावावर जाऊन वॉलआय (इथला गोड्या पाण्यातला, खायला आवडणारा मासा) धरायचाय. आधी कायद्याचं बोलून घेतो. बर्फ गेला म्हणजे सीझन उघडला असं इथे नाही. राज्यातल्या बहुतेक तलावांवर वॉलआय फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो आणि मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आदल्या शनिवारच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी उघडतो, म्हणजे साधारण मेच्या मध्याला. ओपनर म्हणतात त्याला, अर्ध राज्य त्या दिवशी पाण्यावर असतं, १९४८ पासून गव्हर्नरांचाही कार्यक्रम असतो, आणि बऱ्याचदा नेमका मदर्स डे त्याच वीकेंडला येतो, तेव्हा घरचं तुम्ही बघून घ्या. तोपर्यंत हात शिवशिवत असतील तर क्रॅपी नावाचा दुसरा छोटा मासा धरा, तो वर्षभर चालतो. लायसन्स डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) साइटवर मिळतं, पण जो तलाव ठरवाल त्याचे नियम वेगळे वाचा, मिल लॅक्स या मोठ्या तलावाचे तर वर्षागणिक बदलतात.

आता कुठे शोधायचा. लोक काय करतात, तलाव मोठा दिसला की मासा खोल पाण्यातच असणार असं धरून चालतात आणि जमेल तितका लांब गळ फेकतात. मे महिन्यात हे बरोबर उलटं असतं, मासा तुमच्या पायापासून फार लांब नसतो. वॉलआय अंडी घालतो पाणी साधारण ४२ ते ५० फॅरनहाइट असताना, म्हणजे साडेपाच ते दहा सेल्सिअस, आणि तेही लाटा आपटतात अशा गोट्यांच्या, खडीच्या उथळ काठावर किंवा तलावात येणाऱ्या ओढ्या-नदीच्या तोंडाशी. ओपनरपर्यंत हे बहुतेक उरकलेलं असतं, मोठ्या माद्या थकून थोड्या बाजूला गेलेल्या असतात, पण नर तिथेच रेंगाळतात, आणि छोटे मासे उथळ, कोमट पाण्याकडे यायला लागलेले असतात त्यामुळे खाणंही तिथेच असतं. चार ते दहा फूट पाणी. नकाशावर ओढा जिथे मिळतो ती जागा, दोन तलावांना जोडणारी चिंचोळी पट्टी, पुलाखालचा प्रवाह, पाण्यात घुसलेलं खडीचं टोक, एवढंच शोधा. स्वस्तातला थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा, एकाच तलावात दोन काठांमध्ये तीन-चार डिग्रीचा फरक निघतो आणि तो फरकच बरंच काही सांगून जातो.

आणि वारा. ज्या काठावर दोन दिवस सलग वारा येऊन आदळतोय तिथे उभं राहा, तोंडावर वारा घेऊन. गळ फेकायला त्रास होतो, टोपी उडते, सगळं मान्य, पण लाटांनी पाणी गढूळ होतं, उजेड कमी शिरतो, आणि वॉलआयला नेमकं तेच पाहिजे असतं. त्याच्या डोळ्याच्या आत उजेड परतवणारा एक थर असतो (रात्री टॉर्च मारला तर मांजरासारखे डोळे चमकतात), त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याचं खाणं असलेल्या बिचाऱ्या पर्च माशाला तितकं दिसत नाही. म्हणून स्वच्छ ऊन आणि आरशासारखं पाणी असेल तर दुपारी घरी झोप काढा, सूर्य मावळायच्या तासभर आधी या आणि अंधार पडल्यावर लगेच गाशा गुंडाळू नका, खरी वेळ तेव्हा सुरू होते. फक्त काही ठिकाणी रात्रीची बंदी असते, ते आधी बघा.

गळाचं म्हणाल तर जिग (वजनदार डोक्याचा आकडा) आणि मिनो (आमिषाचे छोटे मासे), बाकी काही घेतलं नाही तरी चालेल. एक-अष्टमांश औंसचा जिग, सहा किंवा आठ पाउंड ताण सोसणारी साधी मोनो लाइन (एकपदरी नायलॉनची दोरी), आणि आमिषाच्या दुकानातून जिवंत शायनर, म्हणजे मिनोचाच एक प्रकार. शायनरच्या तोंडातून आकडा घालून डोक्यावरून बाहेर काढायचा. फेका, तळाला टेकू द्या, मग काठी वीतभर उचला आणि खाली जाताना दोरी ताणलेलीच ठेवा, सैल सोडली की संपलं, कारण मासा घेतो तो जिग खाली पडताना. जोरात झटका वगैरे बसत नाही, एक बारीक 'टक' किंवा नुसतं जड लागतं, गवत अडकल्यासारखं. पाणी थंड आहे, मासा सुस्त आहे, तुम्हीही सुस्त व्हा. अंधार पडल्यावर मात्र रापाला कंपनीच्या आमिषासारखा लांबट तरंगता नकली मासा गोट्यांच्या काठाला समांतर फेकून अगदी हळू, मधे मधे थांबवत ओढा. दुकानात जळवाही विकत मिळतात आणि लोक त्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवतात, तुम्ही ठेवणार असाल तर आधी घरी सांगा. पण पन्नास फॅरनहाइटच्या खाली जळू गोळा होऊन बसते, तेव्हा ती मेच्या शेवटासाठी राखून ठेवा.

वेडर (पाणी न शिरणारी, छातीपर्यंतची पँट) घालून पाण्यात उतरणार असाल तर कमरेचा पट्टा घट्ट आणि लाइफ जॅकेट अंगावर, एवढ्या थंड पाण्यात पोहता येणं फारसं कामाला येत नाही. मासा काढताना खालच्या जबड्यात अंगठा घालू नका, दात खरे आहेत, आणि कल्ल्याची कड ब्लेडसारखी कापते. मागून डोक्याच्या वर घट्ट धरा, पाठीचे काटे हाताखाली दाबून. पोट फुगलेली मोठी मादी आली तर गाबोळीचा मोह आवरा आणि सोडून द्या, माझं स्पष्ट मत आहे, खायला पंधरा-सोळा इंचाचा नर जास्त गोड लागतो. उरलेले मिनो तलावात ओतायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे, हाही नियमच आहे.

खायचं विचारलं नाहीत तरी सांगतो. फिले काढलं की डोक्याकडच्या भागात मधोमध बारीक काट्यांची ओळ बोटाला लागते, ती दोन्ही बाजूंनी कापून पट्टी काढून टाका, पोरंसुद्धा बिनधास्त खातील. इथले लोक बीअर बॅटरमध्ये तळतात. आपण हळद, तिखट, मीठ आणि थोडं आगळ लावून रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. आलं-लसूण कमी घाला, सुरमईइतकी दणकट चव नाही याची, मसाला जास्त झाला की मासा कुठला होता तेच कळत नाही.